हलूनका आणि चौथं भोक

"व्हिडिओ म्हणजे काय, एकामागोमाग एक काढलेले फोटोच की," असं फोटोवाल्याने सकाळच्या चहावर जाहीर केलं आणि कप बशीत असा ठेवला की विषयच संपला. "एकतीस वर्षं एकेक काढतोय. आज सलग काढतो. त्यात काय मोठंसं?"

त्याच्या बायकोने त्याचा कप पुन्हा भरला. लेक मात्र म्हणाली की बाबा, माझ्या फोनवर पाच मिनिटांत होईल. त्यावर फोटोवाल्याने तिच्याकडे, आचाऱ्याने पुडीतल्या मसाल्याकडे बघावं तसं बघितलं.

या फोटोवाल्याला सगळी गल्ली 'हलूनका' म्हणायची. तोंडावर नव्हे, पण त्याच्या कानावर पडेल इतपत मोठ्याने. त्याचा स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, मध्ये जाड पडदा, पडद्यामागे पांढरी भिंत, एक गोल स्टूल, छत्र्या लावलेले दोन दिवे आणि खुंटीला एक काळा लोकरी कोट. ज्याच्याकडे कोट नाही त्याने तो अंगात घालायचा आणि फोटोपुरतं साहेब व्हायचं. पासपोर्टचे, परवान्याचे, परीक्षेच्या अर्जाचे असे हजारो चेहरे त्या स्टुलावर बसून गेले होते, आणि प्रत्येकाला हलूनकाने तेच सांगितलं होतं. हनुवटी थोडी खाली. दोन्ही कान दिसू देत. इकडे बघा. हं, हलू नका. मग खट्. मग 'झालं'. एवढ्या बोलण्यावर त्याचा अख्खा संसार उभा होता. तान्ह्या बाळालाही तो 'हलू नका' म्हणे. कॅमेऱ्याला डोळा लावला की त्याच्या तोंडातून 'तू' हा शब्दच पळून जायचा. सख्ख्या बायकोलासुद्धा तो काचेतून 'तुम्ही' म्हणायचा आणि कॅमेरा खाली ठेवला की पुन्हा 'अगं'.

बायको रफू करायची. दोन दुकानं सोडून एक ड्रायक्लीनर होता, त्याच्या मागच्या बाजूला, एका ट्यूबलाइटखाली, तीस वर्षं. कुणाच्या शालीला कसर लागली, कुणाच्या सुटावर ठिणगी पडली, की कपडा पडद्याआड जायचा आणि धडधाकट होऊन बाहेर यायचा. मालकाला वाटायचं, फाटलंच नव्हतं. या कामाचं दुर्दैवच असं. भाकरी गोल झाली तर लोक वाहवा करतात, गळा गोड असला तर मान डोलावतात. पण रफू चांगलं झालं, तर बघायला काही उरतच नाही. दिसलं तर ते रफू नव्हे, आणि दिसलं नाही तर कौतुक कशाचं करणार? तीस वर्षांत तिच्या हाताला कुणी छान म्हटलेलं नव्हतं. तिनेही कधी अपेक्षा केली नव्हती.

आणि मग ते पत्र आलं. जुनी वस्त्रं जपणाऱ्या एका संग्रहालयाचं. त्यांना रफू शिकवायला कुणीतरी हवं होतं. ड्रायक्लीनरनेच कधीतरी हिचं नाव सुचवलं असावं. पत्रात लिहिलं होतं, कामाचा एक व्हिडिओ पाठवा. कपडा खरोखर वापरात फाटलेला हवा, कात्रीने पाडलेलं भोक चालणार नाही. भोक दिसतंय इथपासून ते नाहीसं होईपर्यंत सगळं सलग, मध्ये कुठे तोडलेलं नको. बारा मिनिटांच्या आत. हात स्पष्ट दिसले पाहिजेत. शेवटची वेळ आज संध्याकाळी पाच.

तिने ते पत्र चार वेळा वाचलं आणि घडी करून सुयांच्या डबीत ठेवलं. त्याबद्दल घरात अक्षर काढलं नाही. पण आठवडाभर ती रोज रात्री बोटांना तेल चोळत होती आणि नखं मोजून कापत होती. त्यावरून घराला कळलं की हिला हे हवंय. किती हवंय, तेही कळलं.

अकराच्या सुमाराला हलूनकाने स्टुडिओला 'थोड्या वेळात येतो' अशी पाटी लावली आणि कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला. कॅमेरा चांगला डीएसएलआर होता, पाच वर्षांपूर्वी घेतलेला. पण त्याची वरची गोल चकती पाच वर्षांत एका खाचेवरून दुसऱ्या खाचेवर गेलेली नव्हती. तिच्यावरचं व्हिडिओचं चित्र त्याने लांबूनच पाहिलं होतं, शेजारच्या घरातल्या सुनेला पाहावं तसं. चकती फिरवली तेव्हा ती कुरकुरली.

बायकोने भोक आणलं होतं. तपकिरी लोकरी कापडाचा हातभर तुकडा, त्याला कसरीने पाडलेलं मसुराएवढं भोक. रफूवालीच्या घरात भोक मिळणं सोपं नसतं, कारण तिथे ते जन्माला आल्याबरोबर बुजवलं जातं. गिऱ्हाइकांचे कपडे कॅमेऱ्यासमोर न्यायला ड्रायक्लीनरने साफ नाही म्हटलं होतं. हे एक तिने जपून ठेवलं होतं. पोटच्या पोरासारखं.

ती स्टुलावर बसली. हलूनकाने सवयीने कॅमेरा उभा केला, सवयीने दिवे लावले, सवयीने डोळा मिटला. हनुवटी थोडी खाली. दोन्ही कान दिसू देत. इकडे बघा. तिने इकडे बघितलं. मांडीवरच्या कापडाकडे न बघता, नुसत्या बोटांच्या आठवणीने, तिने अकरा मिनिटांत ते भोक बुजवलं. तेवढ्या वेळात सुई दोनदा बोटात गेली, पण नजर हलली नाही. हलूनका खूश झाला. असं गिऱ्हाईक भाग्याने मिळतं.

लेकीने कार्ड काउंटरवरच्या कॉम्प्युटरला लावलं आणि मान तिरकी करून बसली.

"आई आडवी का झालीय?"

हलूनकाने सांगितलं की ते फिरवता येतं. लेकीने फिरवलं. पडद्यावर आई सरळ झाली. पांढरी भिंत, खाली झुकलेली हनुवटी, दोन सुरेख कान आणि अकरा मिनिटं लेन्सकडे लावलेली नजर, कुणी परदेशी जाऊ देतंय का याची वाट बघणारी. मधून मधून ती किंचित दचकत होती.

लेकीने विचारलं, "आणि हात?"

"हात खाली आहेत."

"खाली म्हणजे कुठे?"

"पासपोर्टला हात लागत नाहीत," हलूनका म्हणाला, आणि बोलून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं.

असू दे, पुन्हा घेऊ, असं तो लगेच म्हणाला, अगदी सहज. पुन्हा घेऊ हे वाक्य तो दिवसातून दहादा म्हणायचा. कुणाचे डोळे मिटले की पुन्हा घेऊ, कुणाला शिंक आली की पुन्हा घेऊ. चेहरा काय, पुन्हा मिळतो. बायकोने तो तपकिरी तुकडा त्याच्यापुढे धरला. त्याने तो दिव्याखाली नेला, उलटा केला, भिंग लावून पाहिला. कुठेच काही नव्हतं. भोक गेलं होतं. साधी आठवणसुद्धा मागे न ठेवता.

"पुन्हा कुठलं घेऊ?" तिने विचारलं.

घरी जाऊन ती परत आली तेव्हा दीड वाजून गेला होता. तिच्या हातात तिच्या आईची शाल होती, राखाडी, मऊ झालेली. एका कोपऱ्याला निखाऱ्याने पडलेलं बारीकसं भोक. लेकीला ती शाल माहीत होती. पेटीच्या तळाशी असायची. सगळ्या गल्लीची भोकं बुजवणाऱ्या बाईने हे एक कशासाठी उघडं ठेवलं होतं, ते कुणी तिला कधी विचारलं नव्हतं. आजही विचारलं नाही. लेक एवढंच म्हणाली की आई, या खेपेला माझ्या फोनवर घेऊ या. आईने नकारार्थी मान हलवली आणि हळूच सांगितलं की फोनवर होईल गं, पण मग तुझे बाबा महिनाभर धड जेवणार नाहीत.

आता हलूनकाने कॅमेरा आडवा केला. आयुष्यात पहिल्यांदा चेहरा सोडून त्याने हातांवर काच रोखली. व्हिडिओचं लाल ठिपक्याचं बटण दाबलं. बायकोने सुई उचलली.

"हं, हलू नका," तो म्हणाला.

सुई हवेत थांबली.

त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर निरखून पाहिलं. चित्र गोठलेलं. त्याने कॅमेऱ्याला टिचकी मारली. मग लेकीला हाक मारून सांगितलं की कॅमेरा बंद पडला. लेकीने आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"कॅमेरा चालू आहे, बाबा. आई बंद पडलीय."

खरोखरच ती श्वाससुद्धा घेत नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या फोटोपासून तो शब्द तिच्या अंगात मुरला होता. तो ऐकला की हात आपोआप थांबायचा. अहो, हलू नका म्हणता आणि हात दिसू दे म्हणता, मी नेमकं करू काय, असं तिने विचारलं. शेवटी असं ठरलं की त्याने तोंड उघडायचं नाही. तो ओठ मिटून उभा राहिला. चेहरा अपमानित, पण पाय ठाम.

आणि मग ती कामाला लागली. काम करताना ती गुणगुणायची. तिचं ते स्वतःचंच होतं, सुईच्या चालीवर बांधलेलं, कुणी शिकवलेलं नव्हे.

सुई बाई पुढं, दोरा तिच्या मागं,
फाटल्या वाटेला, लावी धागं धागं...

सुई एका धाग्यावरून गेली, दुसऱ्याखालून आली. राखाडी कापडाच्या काठावरून दिव्याचा उजेड तिच्या नखावर उतरला, नखावरून सुईच्या टोकावर गेला आणि तिथे थेंबासारखा थांबला. हलूनका बघत राहिला. एकतीस वर्षांत त्याने असा उजेड पाहिला नव्हता. हे हात रोज त्याच्यासमोर ताट ठेवत होते, आणि त्याने ते पाहिलेच नव्हते. आणि त्याची तर्जनी, जिला मालकाला विचारायची सवय नव्हती, शटरवर गेली.

खट्.

पुन्हा उजेड थांबला. खट्. पुन्हा. खट्.

त्या कॅमेऱ्याची एक खोड अशी की व्हिडिओ चालू असताना शटर दाबलं, तर तो फोटो काढतो खरा, पण तिथेच व्हिडिओ बंद करतो. हे पुस्तिकेत लिहिलेलं होतं. पुस्तिका पाच वर्षं प्लास्टिकमध्ये होती.

कॉम्प्युटरवर दिसलं ते असं: दोन मिनिटं दहा सेकंदांचा व्हिडिओ. त्यात पहिलं दीड मिनिट आई पुतळ्यासारखी. आणि त्यानंतर एकोणीस फोटो. लेकीने कपाळाला हात लावला. हलूनका मात्र पुढे सरसावून म्हणाला की व्हिडिओचं जाऊ दे, फोटो बघा ना.

फोटो खरंच असे होते की बघत राहावं. बायकोने एकेक फोटो उघडायला लावला. आपले हात बाहेरून कसे दिसतात, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. मग शाल घडी करताना तिने त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला काही लागलं नाही.

"छान आलेत," ती म्हणाली. "पण त्यांनी फोटो मागितलेले नाहीत."

अडीच वाजले होते. हलूनकाने हळूच स्वेटरची बाही पुढे केली. कोपरावर भोक होतं. काउंटरवर रेलून रेलून पडलेलं. किती वेळा सांगितलं, रेलू नका, असं ऐकावं लागेल म्हणून तो दोन महिने घरात हाताची घडी घालून वावरत होता. लेक म्हणाली की बाबा, आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या आळशीपणाचा उपयोग झाला. बायकोने भोक पाहिलं, आणि रागवायचं सोडून तिचा चेहरा उजळला. नवऱ्याने इतकी आवडती भेट तिला याआधी दिली असेल असं वाटत नाही.

लेकीला कॉलेजात तासभर काम होतं, म्हणून ती बजावून गेली. बाबा, बोलायचं नाही. बाबा, शटरला हात लावायचा नाही. हलूनकाने दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या. नको तितक्या. तोंडात रुमाल धरला. दोन्ही हात पाठीमागे नेले आणि डाव्या हाताने उजवा मनगटापाशी असा पकडला, जणू तो चोर आहे. तर्जनी वळवळली, त्याने ती आवळली. बायको गुणगुणत होती, सुई पोहत होती, उजेड यायचा तिथे आला, पण हलूनका डगमगला नाही. दहा मिनिटांनी बायकोने दात लावून दोरा तोडला. हलूनकाने रुमाल काढला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. स्वतःवर असा विजय त्याने कधी मिळवला नव्हता.

चार वाजता लेक परत आली. कार्ड लावलं. कार्डात नवीन काही नव्हतं.

"चालू कुणी केलं होतं?" तिने विचारलं.

हलूनकाने पाठीमागे बांधलेल्या आपल्या हातांचा विचार केला आणि तो स्टुलावर बसला. एकतीस वर्षांत त्या स्टुलावर तो स्वतः प्रथमच बसत होता. त्याची हनुवटी आपोआप खाली गेली.

मग घरभर शोध झाला. लेकीने मोजे उलटे केले, बायकोने कपाटं उपसली, हलूनका पडद्यांच्या कडा उजेडाला धरत फिरला. जिथे म्हणून भोक असायला हवं तिथे रफू होतं, आणि तेही बोटांनी चाचपूनच कळायचं. तीस वर्षं या बाईने घरात एक छिद्र शिल्लक ठेवलं नव्हतं. आणि आज पूर्ण घर त्या एका छिद्रासाठी आसुसलं होतं. स्टुडिओत परत आल्यावर बायकोने सुया डबीत ठेवल्या, पत्र काढलं, ठेवलं.

"राहू द्या आता. मी काही नाराज नाही," ती म्हणाली.

ती 'नाराज नाही' म्हणाली की काय समजायचं, हे नवऱ्याला आणि लेकीला दोघांनाही ठाऊक होतं. हलूनकाला वाटलं, हिने आपल्याला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

साडेचारला पाच कमी असताना काउंटरवर कुणीतरी टकटक केलं. दारात जवळजवळ दाराएवढाच एक माणूस उभा होता. पुढच्या चौकातल्या इमारतीचा पहारेकरी. त्याला ओळखपत्रासाठी फोटो हवा होता, पाच वाजता कामावर उभं राहायचं होतं. हलूनकाने बोलण्याचं त्राण नसल्याने नुसता कोटाकडे हात केला. पहारेकऱ्याने कोट घातला. कोटाने आजवर अनेक देह सामावून घेतले होते, पण असा नाही. तो पाठीवर ढोलाच्या कातड्यासारखा ताणून बसला. पहारेकरी स्टुलाकडे वळला, मागे दिव्याच्या दांडीचा खिळा होता.

टर्र.

पहारेकरी ओशाळून हळूहळू पाठमोरा झाला, बघा तरी काय झालं म्हणून. दोन खांद्यांच्या बरोबर मधोमध, काळ्या लोकरीत, पांढऱ्या शर्टाचा मसुराएवढा डोळा उघडला होता.

हलूनकाने बायकोकडे पाहिलं. बायकोने भोकाकडे. हे भोक कात्रीने पाडलेलं नव्हतं. ऐन वापरात फाटलेलं होतं, पाच जणांच्या साक्षीने म्हणावं तर साक्षीला चौघंच होती, पण खरंखुरं होतं.

पहारेकरी माफी मागत कोट काढू लागला, तशी बायको अशा आवाजात बोलली की तो आवाज घरात कुणी ऐकला नव्हता.

"काढू नका, दादा. कापड अगदी फ्रेमवर ताणल्यासारखं बसलंय. दहा मिनिटं तसेच उभे राहाल?"

दहा मिनिटं काय, पहारेकरी म्हणाला, मी आठ तास उभा असतो.

मग सगळं भराभर झालं. लेकीने काउंटरवरचा रबरबँड घेऊन बापाची तर्जनी मधल्या बोटाला बांधून टाकली. आईला काळा दोरा ओवून दिला. कॅमेरा पाठीवर रोखला आणि लाल बटण तिने स्वतः दाबलं. लाल ठिपका लागलाय ना, हे बापाकडून दोनदा वदवून घेतलं. बायको पहारेकऱ्याच्या मागे उभी राहिली. तिने सुई टेकवली. पहारेकऱ्याने मोठा श्वास घेतला, त्याबरोबर भोकही फुगलं, आणि हलूनकाच्या तोंडून आयुष्यभराचं ते वाक्य निसटलं.

"हं, हलू नका."

बोलून तो हादरला. आता हात थांबणार, सुई हवेत राहणार, पाच वाजणार. पण हात थांबले नाहीत. बायकोला कळलं होतं की आज हे वाक्य तिच्यासाठी नाही. पहारेकरी मात्र जागच्या जागी खांब झाला. सुई एका धाग्यावरून गेली, दुसऱ्याखालून आली.

फाटलं ते कसं, कुणी ना पुसावं,
सुईच्या घरट्यात, दोऱ्यानं बसावं...

पहारेकऱ्याच्या मानेवर माशी बसली. हलू नका, हलूनका कुजबुजला. माशी फिरून कानावर गेली. हलू नका. सुई चुकून शर्टापलीकडे लागली तेव्हा त्या माणसाचे फक्त डोळे मोठे झाले, आणि ते कॅमेऱ्याकडे नव्हते. कधी नव्हे ते हलूनकाचं वाक्य योग्य माणसाला लागू पडलं होतं. रबरबँडमध्ये तर्जनी तडफडत राहिली. पांढरा डोळा बारीक झाला, आणखी बारीक झाला, मिटला. दोरा तुटला. तिने हाताने लोकर सारखी केली आणि बाजूला झाली. पडद्यावर उरली नुसती एक काळी, रुंद, अखंड पाठ. जिथे काही झालंच नव्हतं.

अकरा मिनिटं चार सेकंद. पाचला दहा कमी. लेकीने व्हिडिओ पाठवला. चक्र फिरत राहिलं आणि चौघंही त्या चक्राकडे बघत राहिले. पाचला दोन कमी असताना ते थांबलं, 'पोहोचलं' असं आलं. बायकोने सुयांची डबी मिटली. लेकीने तिला मिठी मारली. हलूनकाने पहारेकऱ्याचे दोन्ही हात धरून इतके हलवले, इतके हलवले, की गल्लीने पाहिलं असतं तर नाव बदललं असतं. पहारेकरीही हसला, कोट खुंटीला लावला आणि कामाच्या वेळेला पळाला. तो फोटो काढायला आला होता, हे त्याच्यासकट कुणाच्याच लक्षात आलं नाही.

ते त्याच्या लक्षात आलं पुढच्या मंगळवारी, सुटीच्या दिवशी. तो आला, कोट घालून स्टुलावर बसला. हलूनकाने माफी मागितली, चकती पुन्हा फोटोच्या खाचेवर आणली, दिवे लावले. हनुवटी थोडी खाली. दोन्ही कान दिसू देत. इकडे बघा. हं, हलू नका. आणि फोन वाजला.

फोन संग्रहालयाचा होता. बाईंशी बोलायचं होतं. हलूनका कॅमेरा तिथेच सोडून ड्रायक्लीनरकडे धावला आणि बायकोला अर्ध्या टाक्यातून उठवून घेऊन आला. काउंटरपाशी ती फोन कानाला लावून उभी राहिली. हो म्हणाली. पुन्हा हो म्हणाली. मग बराच वेळ ऐकत राहिली, आणि तिचा चेहरा त्या शालीसारखा मऊ होत गेला. शेवटी ती हसू दाबत म्हणाली की नाही हो, पुतळा नाही, तो माणूस आहे.

फोन ठेवून तिने सांगितलं. एक तारखेपासून शिकवायचं. सहा बायका आहेत, आठवड्यातून दोन दिवस. काम सगळ्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. आणि कोट चढवलेला तो पाठीचा पुतळा कुठून आणलात, आमचे सगळे डुगडुगतात, असं तिथल्या बाई विचारत होत्या.

"आणि शूटिंगबद्दल काही?" हलूनकाने शक्य तितक्या बेफिकिरीने विचारलं.

"म्हणाल्या, चित्र एकदम स्वच्छ आहे."

"हं."

"आणि मागे कुणीतरी सारखं हलू नका म्हणतंय, ते काढून टाकता येईल का?"

हलूनकाने यातलं पहिलं वाक्य तेवढं घेतलं आणि तो बाहेर पडला. झेरॉक्सवाल्याला सांगितलं, औषधवाल्याला सांगितलं, न्हाव्याला अर्ध्या दाढीत थांबवून सांगितलं. बायकोच्या हातांचं सांगता सांगता उजेड कसा थांबला तेही सांगितलं, आणि व्हिडिओ म्हणजे काय, याच्यावर दोन शब्द बोलला. ड्रायक्लीनरकडे तर त्याने चहाही घेतला. तासाभराने तो शीळ घालत परतला, पडदा बाजूला केला आणि जागीच थिजला.

दिवे जळत होते. स्टुलावर पहारेकरी बसला होता. कोटाची बटणं लावलेली, हनुवटी थोडी खाली, दोन्ही कान दिसत होते. त्याला कुणी 'झालं' म्हटलंच नव्हतं.

शरमेने हलूनकाला काही सुचेना. तो तसाच कॅमेऱ्यामागे गेला आणि एका झटक्यात शटर दाबलं. खट्. मग फोटो पाहिला. एकतीस वर्षांतला सर्वांत रेखीव फोटो. मान सरळ, खांदे समान, कोटाला कुठे सुरकुती नाही.

डोळे तेवढे मिटलेले होते. हलूनकाने मान वर केली, तेव्हा त्याला ते बारीक, संथ घोरणं ऐकू आलं. पहारेकरी कधीचा झोपला होता, आणि झोपेतही हललेला नव्हता.